मिरजेत पहिला, पुण्यात पत्ताच नाही

चाचा दुकानात गादीवर बसून मोबाईल काढतात, 'तंबोरा दुरुस्ती' असं टाकतात आणि नकाशाखाली पहिलंच नाव आपल्या दुकानाचं दिसलं की समाधानाने फोन खाली ठेवतात. मिरजेतलं हे दुकान तीन पिढ्यांचं. त्यांची भाची पुण्यात असते. तिच्या गाण्याच्या क्लासमधल्या एका बाईंना तंबोरा घ्यायचा होता, म्हणून तिने लॅपटॉपवर तेच शब्द टाकले. पहिल्या पानावर दुकान नाही, दुसऱ्यावर नाही. "मामू, तुमची वेबसाइट बंद पडली का?" असा तिचा फोन आला आणि चाचांनी मला बोलावून घेतलं.

सांगली-मिरजेतल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करणं आणि बिघडलेल्या नीट करणं हे माझं काम. दवाखाना असो, लॉज असो, हळदीचा व्यापारी असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गुगलवर आमचा नंबर कितवा?" मला आधी हेच समजावून सांगावं लागतं की असा एक नंबर नसतो. चाचांना दुकानात बसून दिसलं तेही खरं आणि भाचीला पुण्यात दिसलं तेही खरं. जवळपासच्या दुकानांची यादी लावताना आपण तीन गोष्टी पाहतो, असं गुगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. विचारलेल्या शब्दांशी दुकानाचा मेळ किती, विचारणारा माणूस दुकानापासून किती लांब आणि दुकानाचं नाव किती ठिकाणी घेतलं जातं. चाचा स्वतःच्या दुकानात बसून शोधत होते, म्हणजे अंतर शून्य. मिरजेत तंबोऱ्याची दुकानं मोजकी, त्यात हे सर्वात जवळचं. ते वर येणारच. तेवढ्यावरून वेबसाइट चांगली आहे असं काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती असते की दुकानात बसून स्वतःचं नाव शोधू नका. दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला सांगा, स्टेशनवर गेलात की तिथून बघा. आणि दुकानाचं नाव टाकून तर अजिबात बघू नका. ज्याला नाव माहीत आहे तो तुम्हाला शोधून काढेलच. जो फक्त 'सतार दुरुस्ती' टाकतो, त्याला तुम्ही दिसता का, हे बघायचं.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण यात खूप जणांचा घोटाळा होतो. गुगलच्या पानावर दोन वेगळ्या याद्या असतात. वर नकाशा आणि त्याखाली तीन दुकानं. पूर्वी इथे सात असायची, 2015 च्या ऑगस्टपासून तीन झाली. ही यादी मुख्यतः तुमच्या गुगल बिझनेस प्रोफाइलवरून बनते, म्हणजे पूर्वी ज्याला 'गुगल माय बिझनेस' म्हणायचे ते. त्याखाली साध्या लिंकांची यादी, ती वेबसाइटच्या पानांवरून बनते. चाचांचं प्रोफाइल त्यांच्या मुलाने मन लावून भरलं होतं, त्यामुळे गावात ते दिसत होते. पुण्यातून शोधणाऱ्यासाठी मिरजेचा नकाशा उघडत नाही. तिथे सगळा भार वेबसाइटवर येतो, आणि वेबसाइट मोडकळीला आली होती.

मोबाईल आणि कॉम्प्युटर: परीक्षा दोन, पुस्तक एक

चाचांचा मुलगा मला म्हणाला, "आधी कॉम्प्युटरवरचं नीट करा, मोबाईलचं नंतर बघू. परदेशातली गिऱ्हाइकं कॉम्प्युटरवरूनच येतात." त्याचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. मिरजेचा तंबोरा अमेरिकेत, इंग्लंडमध्ये जातो. तिकडचा मराठी माणूस मुलीला गाणं शिकवतो आणि वाद्य इकडून मागवतो. असा माणूस निवांत बसून, मोठ्या स्क्रीनवर चार दुकानं ताडून पाहतो. गावातला किंवा इचलकरंजी-कोल्हापूरकडचा माणूस मात्र तार तुटली, तारांखालची घोडी सरकली, खुंटी फिरेना झाली म्हणून मोबाईल काढतो आणि थेट फोन लावतो.

पण गुगल ही दोन गिऱ्हाइकं लक्षात ठेवून वेबसाइट दोनदा वाचत नाही, ते एकदाच वाचतं आणि तेही मोबाईलच्या डोळ्यांनी. याची घोषणा 2016 च्या नोव्हेंबरमध्ये झाली, 2018 पासून एकेक वेबसाइट त्या पद्धतीवर जाऊ लागली आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हा बदल पूर्ण झाल्याचं गुगलने सांगितलं. 5 जुलै 2024 नंतर तर मोबाईलवर मुळीच न उघडणारं पान त्यांच्या नोंदवहीत घेतलंच जात नाही. कॉम्प्युटरवर शोधणाऱ्यालाही जे दिसतं, ते मोबाईलवरून वाचलेल्या पानाच्या आधारावर दिसतं.

चाचांच्या वेबसाइटची खरी दुखापत इथेच होती. ज्यांनी ती बनवली होती त्यांनी मोबाईलवर पान आटोपशीर दिसावं म्हणून निम्मा मजकूर मोबाईलच्या पानातून काढून टाकला होता. कॉम्प्युटरवर छान लिहिलेलं होतं: भोपळा कुठून येतो, लाकूड कोणतं, मैफिलीचा तंबोरा आणि प्रवासाचा छोटा तंबोरा यांत फरक काय, परदेशी पाठवताना पेटी कशी बांधतात. मोबाईलवर फक्त एक फोटो आणि 'संपर्क करा'. म्हणजे न्यू जर्सीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसासाठी लिहिलेला सगळा मजकूर गुगलने कधी वाचलाच नव्हता. दोन वर्षं. आम्ही तो मजकूर मोबाईलवर परत आणला. लांबलचक वाटू नये म्हणून मथळ्यावर बोट ठेवलं की खाली उघडेल असा ठेवला. असा घडी घातलेला मजकूर गुगल वाचतं, त्याचं वजन कमी धरत नाही. पानातून काढून टाकलेला मजकूर मात्र कुणीच वाचत नाही.

तुमच्या वेबसाइटचं हे पाच मिनिटांत तपासता येतं. एका हातात मोबाईल, समोर कॉम्प्युटर, दोन्हीवर तेच पान उघडा आणि ओळीला ओळ लावून बघा. कॉम्प्युटरवर असलेली कुठली ओळ मोबाईलवर सापडत नाही? ती आधी परत आणा.

मग वाचन एकच असताना मोबाईल आणि कॉम्प्युटरवर क्रम वेगळा का येतो? मुख्य कारण जागेचं. मोबाईलला आपण नेमके कुठे आहोत ते जीपीएसवरून कळतं. घरच्या कॉम्प्युटरची जागा बहुतेक वेळा इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाजाने धरली जाते आणि तो अंदाज चुकतो. सांगलीत बसलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरला गुगल पुण्याचा किंवा मुंबईचाही समजू शकतं. पानाच्या तळाशी गुगल तुम्हाला कुठलं समजतंय ते लिहिलेलं असतं, एकदा नक्की बघा. म्हणून कॉम्प्युटरवरच्या गिऱ्हाइकासाठी गावाचं नाव पानावर ठळक असणं फार कामाचं आहे, कारण तो बरेचदा 'मिरज तानपुरा' असं गावासकट टाकतो. मोबाईलवरचा गडी गावाचं नाव टाकायच्या फंदात पडत नाही.

गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द

त्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचं शीर्षक होतं 'होम'. फक्त होम. खाली इंग्रजीत एक वाक्य, ज्याचा अर्थ 'दर्जेदार वाद्यांचे निर्माते व पुरवठादार'. अख्ख्या पानावर तंबोरा हा शब्द नव्हता, तानपुरा नव्हता, जवारी (आवाज खुलावा म्हणून घोडी घासून तार साधण्याचं काम) नव्हता. मिरजेतल्या माणसाच्या तोंडी तंबोरा आणि सतार. हिंदीकडचा माणूस तानपुरा आणि सितार म्हणतो. कुणी देवनागरीत टाकतं, कुणी इंग्रजी अक्षरांत 'तानपुरा रिपेअर निअर मी'. गुगल आता समानार्थी शब्द बऱ्यापैकी जोडून घेतं, पण पानावर शब्दच नसेल तर जोडणार कशाला? आम्ही शीर्षक बदललं: 'तंबोरा आणि सतार, विक्री व दुरुस्ती, मिरज'. आत तानपुरा, सितार हे शब्दही सहज येतील तिथे आले. मराठीचं पान वेगळं आणि इंग्रजीचं वेगळं केलं, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. एकाच पानावर दोन्ही भाषा कालवल्या की कुठल्या वाचकाला ते पान दाखवायचं, हे गुगललाही नीट उमगत नाही.

मराठी वेबसाइटींचं एक खास दुखणं आहे. ते आमच्याकडे घरोघरी सापडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. दुकानाचं पत्रक डीटीपीवाल्याकडे बनलेलं असतं, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. तो मजकूर तिथून उचलून वेबसाइटवर टाकला की अगम्य चिन्हांची रांग उमटते, कारण ती अक्षरं आतून इंग्रजी कीबोर्डचीच असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. मग यावर उपाय म्हणून पत्रकाचं चित्र काढून तेच पानावर चिकटवतात. माणसाला वाचता येतं, दिसायलाही सुरेख दिसतं. पण मजकूर म्हणून पानावर एक अक्षर नसतं. चाचांच्या 'आमच्याविषयी' या पानावर आजोबांपासूनचा सगळा इतिहास होता आणि तो पूर्णपणे चित्रात होता. मी आणि त्यांच्या सुनेने एका दुपारी तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप केला. तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर मोबाईलवर त्या ओळीवर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर तो मजकूर, नाही तर चित्र. मग निवडलेला शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा. तिथेही मराठीच उमटला तर ठीक, नाहीतर जुना फॉन्ट.

पानाच्या कोडमधल्या एका टॅगमध्ये लपवून 'कीवर्ड'ची, म्हणजे शोधायच्या शब्दांची, लांबलचक माळ लावण्याचे पैसे आजही काही जण घेतात. त्या टॅगकडे क्रम लावताना आपण बघत नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. तसंच मिरज, सांगली, कोल्हापूर, जयसिंगपूर अशा गावागावांच्या नावाने एकच पान वीस वेळा छापू नका. हा प्रकार त्यांच्या नियमांत सरळसरळ लबाडी म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही खरोखर कोल्हापुरात महिन्यातून एकदा जाऊन दुरुस्ती करत असाल, तर त्याचं एक खरं पान करा, वार आणि ठिकाण सांगणारं.

स्टेशनबाहेरचा मोबाईल

वेगाबद्दल आकड्यांत बोलण्याआधी मी चाचांच्या मुलाला मिरज स्टेशनबाहेर घेऊन गेलो. त्याचा स्वतःचा फोन भारी आहे, घरी वायफाय आहे, त्यामुळे त्याला वेबसाइट नेहमी झटकन उघडलेली दिसायची. मी माझा जुना, दहा-बारा हजारांतला फोन दिला, मोबाईल डेटावर. पान उघडलं. पांढरं. मग वर नाव आलं. मग बराच वेळ काही नाही. शेवटी फोनचं बटण दिसलं, त्याने त्यावर बोट टेकवलं आणि नेमक्या त्याच क्षणी वरती मोठा फोटो येऊन बसला. बटण खाली ढकललं गेलं, बोट भलत्याच जागी पडलं आणि फोटोंची गॅलरी उघडली. तो काही बोलला नाही. त्याने परत एकदा उघडून बघितलं, परत तेच झालं.

गुगल मोजतं ते हेच. पानातला सर्वात मोठा भाग, बहुधा वरचा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. बोट टेकवल्यावर पानाने 200 मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हालचाल दाखवायला हवी. आणि उघडताना पान वरखाली सरकण्याचं माप 0.1 च्या आत राहायला हवं. वेबसाइटवर येणाऱ्या खऱ्या माणसांच्या फोनवरून गेल्या 28 दिवसांची मापं गोळा होतात, आणि चारपैकी तीन भेटींमध्ये पान या मर्यादेत बसलं तर ते पास. मोबाईलचं माप वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं. छोट्या दुकानाकडे पुरेसे लोकच येत नसले तर हे आकडे रिकामे दिसतात, त्याने घाबरू नका. पेजस्पीड इनसाइट्स नावाचं गुगलचं फुकट साधन आहे, त्यात पत्ता टाकला की नकली चाचणी तरी मिळते. मोबाईलच्या चाचणीत ते मुद्दाम साधा फोन आणि धिमं नेटवर्क धरतं, म्हणून तिथले गुण कॉम्प्युटरपेक्षा बहुतेक वेळा कमी येतात.

चाचांच्या पानावरचा फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा आलेला होता, चार हजारांहून जास्त पिक्सेल रुंद. मोबाईलच्या पडद्यावर त्याला जागा मिळते जेमतेम चारशेच्या आसपास. आणि असे पाच फोटो एकामागून एक फिरत होते. फिरणारी पट्टी काढली, तंबोऱ्याचा एकच चांगला फोटो ठेवला, तो आठशे पिक्सेलचा केला आणि वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात बदलला. फोटोची लांबी-रुंदी पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवली, म्हणजे फोटो यायच्या आधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो आणि बटण सरकत नाही. खालचे फोटो माणूस खाली गेल्यावरच येतील असं केलं. वरच्या फोटोला मात्र ही सवलत लावू नका, तो ताबडतोबच यायला हवा. देवनागरीचे तीन सुंदर वेबफॉन्ट होते, त्यातला एक ठेवला. जोडाक्षरांमुळे आपले फॉन्ट इंग्रजीपेक्षा जड असतात, हे परक्या ठिकाणाहून तयार साचा घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

इतकं करून वेगामुळे वेबसाइट एकदम वर जाईल अशी आशा मात्र मी कुणाला लावत नाही. मजकुराचा मेळ नसेल तर नुसत्या वेगाने काही होत नाही, हे गुगलही सांगतं. पण दोन दुकानं सारखीच लायक असली तर वेगाने फरक पडतो. आणि स्टेशनबाहेर उभा असलेला, खांद्यावर सतार घेतलेला विद्यार्थी तर क्रम बघून नाही, बटण लागलं म्हणून फोन करतो.

गावात जमवलेलं नाव

प्रोफाइलबद्दल थोडक्यात. नावाच्या जागी पाटीवर आहे तेच नाव. 'मिरजेतील सर्वोत्तम तंबोरा' वगैरे शब्द नावात घुसवले तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. मुख्य प्रकार नीट निवडा. चाचांचं दुकान 'दुकान' या सरसकट प्रकारात पडलं होतं. वाद्य बनवणारे आणि वाद्य दुरुस्त करणारे, असे वेगळे प्रकार तिथे आहेत. उरसाच्या दिवसांत, ईदला, सणाला दुकान बंद असेल तर ते आधी नोंदवा. कोल्हापूरहून वाद्य घेऊन आलेला माणूस बंद दार बघून परत गेला, तर तो पहिला एक तारा देतो.

ताऱ्यांचं सांगायचं तर, अभिप्राय मागायला लाजू नका, मात्र त्याच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका. ते नियमात बसत नाही. वाद्य परत देताना, गिऱ्हाईक तारा छेडून बघतं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, तो क्षण मागण्याचा. "बरं वाजतंय ना? मग गुगलवर दोन ओळी लिहा." लोक आनंदाने लिहितात. आणि 'जवारी अप्रतिम काढून दिली' असं कुणी स्वतःच्या शब्दांत लिहिलं की त्याची किंमत नुसत्या पाच ताऱ्यांहून मोठी असते. तक्रार आली तर शांतपणे उत्तर द्या, पुढचं गिऱ्हाईक ते उत्तर वाचत असतं.

नावलौकिक वाढतो तो इतर वेबसाइटींनी तुमचा उल्लेख केल्याने. पाचशे लिंकांचं पाकीट विकत मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, नियमभंग तर आहेच, शिवाय त्या लिंका तंबोऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणच्या असतात. चाचांकडून वाद्य नेणारे गायक आहेत, गाण्याचे क्लास आहेत, संगीत सभा भरवणारी मंडळं आहेत. ज्यांची वेबसाइट आहे त्यांना आम्ही फोन करून विनंती केली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या वाद्यांबद्दल पुष्कळ लिहून आलं. अशा वेळी तुमच्या पानावर दाखवण्यासारखी माहिती असली तर लिहिणारा तिचा पत्ता आपण होऊन देतो.

"गुगलमधून बोलतोय, पहिला नंबर देतो, वर्षाचे इतके" असे फोन चाचांना महिन्यातून दोन-तीनदा येतात. एकदा त्यांनी पैसे भरलेही होते. पैसे घेऊन स्थानिक क्रम वर नेण्याची सोयच नाही, असं गुगलने स्पष्ट लिहिलंय. जाहिरात विकत घेता येते, ती 'प्रायोजित' म्हणून वेगळी दिसते आणि पैसे थांबले की जाते. त्या मंडळींनी प्रोफाइलची मालकी स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवली होती, ती परत मिळवायला आम्हाला बरेच दिवस घालवावे लागले. वेबसाइटचं नाव, होस्टिंग (वेबसाइट जिथे ठेवलेली असते ते खातं) आणि प्रोफाइल, तिन्ही गोष्टी मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर हव्यात. काम करणाऱ्याला, म्हणजे मलासुद्धा, फक्त व्यवस्थापकाचा हक्क द्या. प्रोफाइलसोबत गुगल पूर्वी जी फुकट वेबसाइट द्यायचं ती सोय 2024 च्या मार्चमध्ये बंद झाली. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता छापलेला असेल तर तो कुठेच उघडत नाही.

आता 'नंबर'ऐवजी काय बघायचं? सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट साधन वेबसाइटला जोडा. कोणत्या शब्दांवर तुमचं पान दाखवलं गेलं, किती जणांनी उघडलं, हे ते 16 महिन्यांपर्यंतचं दाखवतं. त्यात मोबाईल आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. सरासरी क्रमाच्या आकड्यावर जीव टांगू नका, तो मिरज, पुणे, न्यू जर्सी सगळ्यांची मिळून सरासरी असतो. शब्दांची यादी बघा. चाचांच्या यादीत मोबाईलच्या बाजूला आम्हाला 'जवारी' पुन्हा पुन्हा दिसली: जवारी खराब, जवारी किती दिवसांनी काढावी, जवारीचा खर्च. पान दाखवलं जात होतं, पण उघडत कुणीच नव्हतं, कारण त्यावर जवारीविषयी एकच ओळ होती. घोडीचा वरचा भाग घासून तार त्यावर नेमकी कुठे टेकते ते साधायचं, मग खाली सुताचा दोरा सरकवत आवाज उघडेपर्यंत ऐकत राहायचं, हे चाचा रोज करतात आणि हे त्यांनी कुठे लिहिलेलं नव्हतं.

ते बोलतात आणि मी लिहून घेतो, असं चाललंय. फोटो अजून काढायचे आहेत. कामाच्या खोलीत उजेड सकाळी दहापर्यंतच येतो, म्हणून गुरुवारी लवकर जायचं ठरलंय.